संडासाचं दार कुठल्या बाजूला उघडतं?

नमस्कार. सुरुवातीलाच एक प्रश्न विचारते. तुमच्या घरच्या संडासाचं दार आत उघडतं की बाहेर? घाई नको, आठवून सांगा. हं, तिसऱ्या रांगेतल्या दोघी काकूंचे हात आपोआप हवेत गेले बघा. एकीने ढकललं, एकीने ओढलं. रोज चार वेळा उघडायचं दार, पण ते डोक्याला आठवत नाही, हातालाच विचारावं लागतं.

निमंत्रणपत्रिकेवर आजचा विषय छापलाय, ‘रुग्णालयाची वास्तू आणि सुगम्यता : कायदा, मानके आणि आपली शहरे’. सुगम्यता म्हणजे अपंग, आजारी, म्हाताऱ्या माणसालाही सहज वावरता येणं. त्यावर बोलणार आहेच. पण गेली चौतीस वर्षं दवाखाने आणि रुग्णालयं बांधून माझं एक मत पक्कं झालंय आणि ते तुमच्यासमोर मांडल्याशिवाय मला पुढे सरकता येणार नाही. मत असं, की रुग्णालयाचा नकाशा संडासापासून काढायला घ्यावा. प्रवेशद्वारापासून नाही, ऑपरेशन थिएटरपासूनही नाही.

हसलात, ते साहजिक आहे. पण आमच्या ऑफिसात काय होतं ते सांगते. डॉक्टर येतात, नवं रुग्णालय बांधायचं असतं. पहिली बैठक लॉबीची. दोन मजले उंच हवी, दर्शनी भागाला काच हवी, गणपतीची मूर्ती आल्या आल्या दिसायला हवी. दुसरी बैठक ओटीची, म्हणजे ऑपरेशन थिएटरची. तिसरी आयसीयूची. मग एमआरआयचं मशीन कुठून आत न्यायचं, त्यासाठी कुठली भिंत शेवटपर्यंत उघडी ठेवायची, यावर दोन तास जातात. संडासाचं बोलणं निघतं प्लंबर साइटवर येतो तेव्हा. तोवर खोल्या ठरलेल्या, खांब उभे राहिलेले. मग खांबामागे, जिन्याच्या कडेला, पाइपांच्या डक्टला चिकटून जे काही चार बाय पाच फूट उरलं असेल ते संडासाला मिळतं.

आणि आता पेशंटच्या बाजूने बघा. त्याला एक्स-रेला कोणीतरी नेतं. ओटीत तर झोपवूनच नेतात. जेवण, औषध, डॉक्टर, सगळं त्याच्या कॉटपाशी चालत येतं. आजारी माणूस स्वतःच्या पायांनी, एकटा, दार लावून घेऊन जिथे जातो अशी अख्ख्या इमारतीत एकच जागा आहे. तीही कधी? सलाईन नुकतंच काढलेलं, पोट रिकामं, भूल पुरती उतरलेली नाही, टाके ओढताहेत, मध्यरात्र आहे आणि फरशी ओली आहे.

मी मिरजेची. मिरजेच्या माणसाला दवाखान्यांचं अप्रूप नसतं. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली तिथे रुग्णालय सुरू केलं आणि तेव्हापासून गाव त्यावर वाढलं. सांगली-मिरज रस्त्यावरची वानलेसवाडी तर तुम्हा सगळ्यांच्या जाण्यायेण्यातली. माझ्या लहानपणी कर्नाटकातून बैलगाडीने, एसटीने आलेले पेशंट आणि त्यांचे नातेवाईक आमच्या गल्लीत खोल्या भाड्याने घेऊन राहायचे. आमच्या ओसरीवर कोणा ना कोणाची वळकटी पडलेली असायची. त्यामुळे पेशंट म्हणजे एकटा माणूस नसतो, त्याच्यामागे दोन माणसं, एक स्टोव्ह आणि एक पिशवी असते, हे मला कॉलेजात शिकवावं लागलं नाही. आजही माझ्या नकाशात नातेवाइकाच्या झोपण्याची जागा असते. बाकीचे अजून त्याला बाकावर झोपवतात.

त्या बाकावर मीही झोपले आहे. तीच गोष्ट आता सांगायची आहे.

२००७ साल, पावसाळा. आमच्या अण्णांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. अण्णा म्हणजे माझे वडील, गणिताचे मास्तर, तेव्हा वय चौऱ्याहत्तर. रुग्णालय मोठ्या शहरातलं. नाव घेत नाही, कारण ऑपरेशन त्यांनी उत्तम केलं होतं आणि माणसंही चांगली होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, आजोबा ठणठणीत आहेत, उद्या सोडू.

त्या रात्री अडीच वाजून गेल्यावर अण्णा उठले. मला जाग आली. म्हटलं, मी येते सोबत. म्हणाले, “संडासात काय मुलीला घेऊन जायचं, माई? झोप तू.” या सभागृहातल्या प्रत्येकीने हे वाक्य ऐकलंय. मी फक्त एवढंच म्हटलं की कडी लावू नका. त्यांनी ते ऐकलं. दार नुसतं लोटून घेतलं.

पडल्याचा आवाज आला नाही. आला तो प्लास्टिकच्या मगाचा, फरशीवर गोल गोल फिरत थांबल्याचा. मी धावले, हाक मारली, दार ढकललं. दार चार बोटं आत गेलं आणि अडलं. ज्यावर अडलं ते मऊ होतं.

मी तेव्हा सोळा वर्षं आर्किटेक्ट म्हणून काम करत होते. दार कशावर अडतं ते हाताला कळायचं. उंबऱ्याची पट्टी वर आलेली असेल तर खरवडल्यासारखं होतं, चौकट फुगली असेल तर वरच्या कोपऱ्यात धरतं. हे तसं नव्हतं. दाराच्या पलीकडे माझे वडील होते आणि मी त्यांच्या अंगावर दार ढकलत होते.

सिस्टर आल्या, वॉर्डातले मामा आले. मामा दणकट माणूस, खांदा लावून जोर करणार, तेवढ्यात मागून मावशी आल्या. वॉर्डात झाडू-पोछा करणाऱ्या, पन्नाशीच्या, बारीक चणीच्या. म्हणाल्या, “ढकलू नका हो मामा, आजोबांचं हाड मोडंल.” मग बिजागरीच्या खिळी काढून दारच उतरवावं असं ठरलं. पण दार आत उघडणारं असलं की बिजागरीचा गोळाही आतल्या बाजूला असतो. बाहेरून हात पोचत नाही. दाराला शिसं भरावं तसं ते दार मजबूत होतं, दोन्ही बाजूंनी लॅमिनेट लावलेलं. सुतार रात्री कुठून आणणार? वरचा हवेचा झरोका नऊ इंचांचा.

शेवटी मावशी खाली आडव्या झाल्या. त्या ओल्या फरशीवर, लुगडं भिजतंय त्याची पर्वा न करता, फटीतून खांद्यापर्यंत हात आत घातला आणि चाचपायला लागल्या. “गुडघा हाय. पाय दुमडलाय दाराला. आजोबा, ऐकू येतंय का? पाय वर घ्यायचा. मी धरते.” आतून अण्णांचा कण्हण्याचा आवाज आला. जिवंत आहेत हे मला तेव्हा कळलं. मावशींनी तो पाय एका हाताने बोटाबोटाने सरकवला. दार वीतभर उघडलं. शेजारच्या कॉटवरच्या पेशंटचा मुलगा, कॉलेजातला, काडीसारखा, अंग चोरून आत शिरला आणि त्याने अण्णांना उचलून बसतं केलं. सिस्टरांच्या नोंदवहीत वेळ लिहिलेली होती, दोन पस्तीस ते दोन छप्पन्न. एकवीस मिनिटं.

खुबा मोडला होता. हर्नियासाठी गेलेला माणूस खुब्याचं ऑपरेशन होऊन सव्वीस दिवसांनी वॉकर घेऊन बाहेर पडला. पुढे तीन वर्षं ते होते, पण माडीवर त्यांची पुस्तकांची खोली होती तिथे परत कधी चढले नाहीत.

या सव्वीस दिवसांतली एक दुपार मला लख्ख आठवते. अण्णा पडल्या पडल्या केसपेपरच्या पाठीमागे काहीतरी आकडेमोड करत होते. मला म्हणाले, “माई, संडास किती बाय कितीचा असतो तुमचा?” म्हटलं, चार बाय पाच. “आणि दार?” अडीच फूट. मग त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. अडीच फूट त्रिज्येच्या वर्तुळाचा चौथा भाग, जवळजवळ पाच चौरस फूट. खोली वीस चौरस फूट. म्हणाले, “म्हणजे पाव खोली दाराला दिलीत. उरलेल्या पंधरात कमोड. मग माणसाने पडायचं कुठे?”

मी चौतीस वर्षांत पुष्कळ परिषदा ऐकल्या. माझ्या धंद्यावर याहून नेमका प्रश्न मला कोणी विचारलेला नाही. माणसाने पडायचं कुठे. आम्ही आर्किटेक्ट माणूस उभा धरतो, बसलेला धरतो, फार झालं तर कॉटवर झोपलेला धरतो. पडलेला माणूस नकाशात नसतोच.

घरी आल्यावर रात्री मी माझ्या टेबलावरचं ड्रॉइंग काढलं. साठ खाटांचं रुग्णालय, काम सुरू व्हायचं होतं. बावीस संडास. बावीसच्या बावीस दारं आत उघडत होती. मी काढलेली. कोणी सांगितलं होतं मला? कोणीच नाही. आपल्याकडे घराचं दार आत उघडतं, पाहुणा आत येतो म्हणून. त्या सवयीने खोल्यांची दारं आत, मोरीचं दार आत, आणि कॉम्प्युटरवर दाराचा जो तयार ब्लॉक असतो तो उचलून आम्ही बावीस वेळा चिकटवतो. संडासात कोणी पाहुणा येत नसतो, हा विचार त्या साखळीत कुठेच झालेला नव्हता.

सभागृहांच्या बाबतीत हा विचार फार पूर्वी झाला, आणि तो आगीने करायला लावला. १९०३ साली शिकागोच्या इरोक्वा थिएटरला आग लागून सहाशेवर माणसं गेली. तिथली काही दारं आत उघडणारी होती, गर्दीच्या रेट्यापुढे ती उघडताच आली नाहीत. गर्दीच्या जागी सुटकेची दारं बाहेरच्या बाजूला उघडली पाहिजेत हे आज आपल्या राष्ट्रीय बांधकाम संहितेतही आहे. जाताना या हॉलची दारं बघा, बाहेर उघडतात. सहाशे माणसं एकदम गेली म्हणून ते झालं. संडासात माणसं एकेकटी पडतात, त्यामुळे त्याची बातमी होत नाही.

तर मी ती बावीस दारं फिरवली, आणि मग एकेक जण भांडायला आला. डॉक्टर म्हणाले, मॅडम, दार कॉरिडॉरमध्ये उघडलं तर स्ट्रेचरवर आपटेल. बरोबर आहे. त्यासाठी दार भिंतीच्या रेषेत न ठेवता कोनाड्यासारखं आत घ्यायचं, म्हणजे पान उघडलं तरी वाटेत येत नाही. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, ओल्या दाराचं पाणी बाहेर ठिबकेल. हेही खरं. आपल्याकडे संडास-न्हाणी एकत्र, सगळं ओलं, म्हणून तर आपण दारात ग्रॅनाइटची पट्टी लावून अर्धा-पाऊण इंचाचा उंबरा करतो. पण पाय ओढत चालणाऱ्याला तो अर्धा इंच पुरतो. अण्णा कशाला अडखळले असतील? चक्कर आली की पट्टीला पाय लागला, ते मला शेवटपर्यंत समजलं नाही. पट्टी होती एवढं खरं.

यावर उपाय आहे आणि तो महाग नाही. दारातच आडवी जाळीची पन्हळ घ्यायची आणि फरशीचा ढाळ दारापासून आत, नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे पाणी निघून जायच्या जाळीकडे द्यायचा. त्यासाठी स्लॅब ओततानाच तेवढा भाग खाली घ्यावा लागतो. म्हणून मी म्हणते संडासापासून सुरुवात करा. स्लॅब पडल्यावर तुम्हाला आठवण झाली तर मग उंबरा करण्यावाचून इलाज राहत नाही. माझ्या आग्रहाचं सगळं मर्म या एका गोष्टीत आहे. उशिरा सुचलेल्या सुगम्यतेला नेहमी एक पायरी उरते.

आधाराची दांडी घ्या. प्रत्येक घरात म्हातारा माणूस उठताना काय धरतो? टॉवेलची दांडी. ती दोन इंची स्क्रूवर असते, हातात येते. रुग्णालयात खरी आधारदांडी बसवतात, पण भिंत पोकळ ब्लॉकची किंवा जिप्समची असते आणि मागे लाकडाची किंवा लोखंडाची पट्टी टाकायची राहून गेलेली असते. चार महिन्यांत दांडी डुलायला लागते. मी ताब्यात घेताना प्रत्येक दांडीला स्वतः लोंबकळून बघते. साइटवरच्या मुलांना आता माहीत झालंय, मॅडम येणार म्हटलं की ती आधी स्वतः लोंबकळतात.

आणि मदतीची घंटा. बटण साडेतीन-चार फुटांवर भिंतीत असतं. पडलेल्या माणसाचा हात तिथे जाईल का? दोरी हवी, लाल, ठळक, फरशीच्या वर चार बोटं येईल एवढी लांब. आम्ही अशा दोऱ्या लावल्या. सहा महिन्यांनी गेले तर सगळ्या दोऱ्या कमरेइतक्या उंचीवर गाठ मारून बांधलेल्या. मावशींना विचारलं. म्हणाल्या, पोछा मारताना गुंतते. त्यांचं काय चुकलं? त्यांच्या हाताखाली ती दिवसातून तीन वेळा येते. मग आम्ही दोरी कोपऱ्यात भिंतीला धरून कड्यांतून खाली आणली, तेव्हापासून ती सुटी राहिली. सफाई करणाऱ्या बाईला विचारल्याशिवाय मी आता संडासाचं ड्रॉइंग अंतिम करत नाही. अण्णांना बाहेर काढणारीही तीच होती.

विचारण्यावरून शोधग्रामची आठवण सांगायलाच हवी. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी आदिवासींनाच विचारलं की तुम्ही दवाखान्यात का येत नाही. मोठी इमारत परकी वाटते, आपल्या माणसांना सोबत राहता येत नाही, असं उत्तर मिळालं. मग त्यांचं रुग्णालय झोपड्यांच्या गावासारखं उभं राहिलं, नातेवाईक सोबत राहतील असं, आणि नावही तिथल्या देवीचं, माँ दंतेश्वरी दवाखाना. आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांना मी परदेशातल्या इमारतींच्या आधी हे दाखवते.

परदेशातलीही एक दाखवते. फिनलंडमधलं पाइमियो इथलं क्षयरोग्यांचं सॅनेटोरियम, १९३३ साली पूर्ण झालं, आर्किटेक्ट अल्वार आल्टो. त्याने खोली आखली ती आडव्या माणसासाठी. छताला शांत, गडद रंग, कारण पेशंटला दिवसभर तेच दिसणार. दिवा डोळ्यांवर येणार नाही असा. आणि हात धुण्याचं बेसिन असं, की पाण्याची धार तिरकी पडते आणि आवाज होत नाही. एका खोलीत दोन पेशंट, एकाने हात धुतले तर दुसऱ्याची झोप मोडू नये म्हणून. नव्वद वर्षांपूर्वी एका माणसाने नळाच्या आवाजाचा एवढा विचार केला! ते चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी किती तरी वेळ त्या पानावरून पुढे गेले नव्हते.

संयोजकांची चिठ्ठी आली. बारा मिनिटं उरली आहेत आणि पत्रिकेवरचा विषय तर अजून पुरा व्हायचाय. भराभर सांगते, पण यातला शब्द न् शब्द तुमच्या कामाचा आहे.

आधी कायदा. अपंगांसाठी आपल्याकडे पहिला कायदा १९९५चा. त्याच्या जागी आला दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६. त्याने अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीसवर नेले. त्यातलं कलम ४४ आमच्या धंद्याच्या मुळाशी जातं. सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या नकाशाला परवानगी द्यायची नाही आणि तशा इमारतीला पूर्णत्वाचा दाखलाही द्यायचा नाही. कलम ४५ जुन्या सार्वजनिक इमारतींचं. नियम जाहीर झाल्यापासून पाच वर्षांत त्या सुगम्य करायच्या. नियम जाहीर झाले जून २०१७ मध्ये. पाच वर्षं २०२२ मध्ये संपली. उद्या सकाळी आपल्या ओळखीच्या कुठल्याही सरकारी कचेरीत जा आणि दारातल्या पायऱ्या मोजा.

मग अडलं कुठे? नियमांत मानकं होती, पण ती शिफारशीसारखी राहिली. अंध असलेले राजीव रतुरी हे २००५ पासून या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात लढत होते. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने त्या प्रकरणात सांगितलं की मूळ कायदा सुगम्यता बंधनकारक मानतो आणि नियम १५ मात्र तिला सूचनेसारखं वागवतो, म्हणून हा नियम कायद्याशी विसंगत आहे. ज्यात तडजोड नाही अशी किमान मानकं वेगळी काढून सक्तीची करा, आणि त्यासाठी तीन महिने दिले. हा निकाल प्रत्येक नगररचना कार्यालयाच्या भिंतीवर लावायला हवा असं माझं मत आहे.

मानकं. सगळी सांगत नाही, चारच लक्षात ठेवा. उताराचं प्रमाण एकास बारा, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर. चाकाची खुर्ची वळायला दीड मीटर व्यासाची रिकामी जागा. कमोडची उंची साडेचारशे ते चारशे ऐंशी मिलिमीटर. आणि दिव्यांगांच्या स्वच्छतागृहाचं दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं असावं, हेही आपल्या मार्गदर्शक सूचनांत लिहिलेलं आहे. मी नवं काही सांगत नाहीये.

आता आपली शहरं, म्हणजे आपली सांगलीच घेऊ. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं. त्यानंतर नदीकडच्या भागात जो तो जोतं उंच करतो आहे, दवाखानेसुद्धा. करायलाच हवं. पण चार फूट जोतं झालं की एकास बाराने अठ्ठेचाळीस फूट उतार लागतो, मधले विसाव्याचे टप्पे धरले तर पंचावन्न-साठ. दिला जातो दहा-बारा फूट. त्यावरून मोटारसायकल चढते, चाकाची खुर्ची चढत नाही, आणि खाली येताना तर मागचा माणूसच फरफटत येतो. जागा नाही म्हणतात. इमारतीच्या बाजूने, पार्किंगच्या कडेने, दोन वळणं घेऊन उतार बसतो. मी बसवलेत. तिथेही तीच अट, जोत्याची उंची ठरते त्या दिवशी उताराची रेघ कागदावर हवी.

एक गाऱ्हाणं राहिलं, ते दोन वाक्यांत. दिव्यांगांसाठीचं स्वच्छतागृह जिथे बांधलेलं असतं तिथे पुष्कळदा त्याला कुलूप असतं आणि आत झाडू, बादल्या, मोडक्या खुर्च्या भरलेल्या असतात. किल्ली शिपाईमामांकडे असते आणि मामा जेवायला गेलेले असतात. यात नकाशा काही करू शकत नाही, पण तुम्ही करू शकता, किल्ली मागा, प्रत्येक वेळी मागा.

खिडक्यांबद्दल बोलायचं होतं. रॉजर उलरिक यांचा १९८४चा अभ्यास आहे, पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती त्यांना विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा जोरदार वेदनाशामकं कमी लागली आणि ते घरीही लवकर गेले. पेरूमधल्या लिमा शहरातल्या रुग्णालयांवर २००७ साली प्रसिद्ध झालेलं संशोधन आहे, उंच छत आणि मोठ्या खिडक्यांच्या जुन्या वॉर्डांत हवा नव्या इमारतींपेक्षा कितीतरी चांगली खेळत होती. त्यावर पुन्हा कधी बोलावलंत तर येईन.

शेवटची दोन मिनिटं मला अण्णांसाठी हवी आहेत, कारण गोष्ट अर्धी राहिली.

अण्णा घरी येण्याआधी मी मिरजेच्या घरातलं संडासाचं दार फिरवून घेतलं. चौकटीची खाच आतल्या बाजूला होती, म्हणून सुताराने चौकटच काढून उलटी बसवली. गिलाव्यासकट दीड दिवसाचं काम. मी खुशीत होते. अण्णा आले, वॉकर घेऊन संडासापाशी गेले, दार ओढायला हात पुढे केला आणि थांबले. दार त्यांच्या अंगावर येत होतं. मग वॉकर उचलून मागे, एक पाऊल, दुसरं पाऊल, मग दार, मग पुन्हा पुढे. मागे वळून मला म्हणाले, “पडल्यावर सोयीचं आहे. पण त्याआधी मला रोज जायचंय.”

बाहेर उघडणारं दार हेच उत्तर आहे असं मी तोवर धरून बसले होते. त्याच आठवड्यात सुताराला पुन्हा बोलावलं आणि सरकतं दार केलं. वर रूळ, खाली काही नाही, म्हणजे चाक अडत नाही, पायही अडत नाही. मूठ मोठी, मनगटाने ढकलता येईल अशी. कडीला बाहेरून खाच, रुपयाचं नाणं घालून फिरवली की उघडते. त्या दाराला आमच्या हॉलच्या भिंतीचा अडीच फूट भाग लागला, तिथे माझ्या आजोबांचा फोटो होता, तो सरकवला.

ते दार अजून आहे. आता आई वापरते, तिचं वय अठ्ठ्याऐंशी. मागच्या महिन्यात रुळाच्या चकत्या झिजल्या होत्या, त्या बदलल्या. त्याचं ड्रॉइंग मी बाहेर पुस्तकांच्या टेबलावर ठेवलंय, मापांसकट, सुताराला तसंच दाखवता येईल असं. पन्नास प्रती आहेत, कमी पडल्या तर फोटो काढून घ्या.

हो, काकू, विचारा ना. तुमचंच दार ओढायचं होतं ना मघाशी?